भाच्यासाठी जुना पिकअप: आधी आरसी, मग चासी, मग इंजिन

सतरा वर्षांच्या मुलाला गाडी खोलून-जोडून शिकायची असेल तर जुन्या पिकअपसारखी गाडी नाही. चासी (खालचा लोखंडी सांगाडा) वेगळी, तिच्यावर केबिन वेगळी, मागे हौदा वेगळा. हौद्याचे बोल्ट काढले आणि चार माणसं लावली की टाकी, ब्रेकचे पाइप, कमानपाटे, डिफरन्शियल सगळं डोळ्यांसमोर येतं. मारुती ८००ला वेगळी चासी नाही, तिचा तळ पुरता गंजला तर ती बहुतेक वेळा भंगारातच जाते. पिकअपच्या केबिनचा तळ कापून नवा पत्रा बसवता येतो, आणि तेच काम मुलगा शिकतो. भाच्यासाठी शोध सुरू केला तेव्हा एवढंच ठरलेलं होतं. बाकीचं आरटीओच्या नियमांनी ठरवलं.

बहुतेक पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेले असतात. पाटी पिवळी, आरसीवर ‘गुड्स कॅरियर’. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मोटार चालवायला १८ वर्षं पूर्ण लागतात, पण परिवहन वाहन (मालवाहूही त्यातच आलं) रस्त्यावर चालवायला २० पूर्ण लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४च्या निकालानंतर साध्या एलएमव्ही (हलक्या मोटारीच्या) परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचं परिवहन वाहन चालवता येतं हे पक्कं झालं, म्हणून एजंट बिनधास्त सांगतात, “काही लागत नाही, कारचं लायसन चालतं.” लायसन चालतं, पण वयाची अट कलमात तशीच आहे. म्हणजे पिवळ्या पाटीची गाडी घेतली तर मुलाच्या हातात परवाना आल्यावरही ती दोन वर्षं नुसती बघायची. शिवाय आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस लागतो, आणि त्याचं शुल्क गाडीच्या वयाबरोबर चढतं. म्हणून आम्ही एकच अट धरली: पांढरी पाटी, आरसीवर खासगी नोंद. पर्याय निम्म्याहून कमी झाले, पण उरलेले कामाचे होते.

अठरा पूर्ण होईपर्यंत चावी घरच्या मोठ्यांकडे. कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. “गल्लीतच एक चक्कर मारू दे” म्हणणारे शेजारी हे कलम वाचत नाहीत.

दुसरा गैरसमज ‘व्हिंटेज’चा. विकणारा २५ वर्षांच्या गाडीलाही व्हिंटेज म्हणतो आणि भाव वाढवतो. केंद्राच्या २०२१च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरचं वाहन. तेही दुचाकी किंवा एम-१ गटातलं, म्हणजे प्रवासी चारचाकी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेलं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरमालिका, आणि रोजच्या वापराला मनाई. मालवाहू पिकअप एन-१ गटात येतो, त्यामुळे तो पन्नास वर्षांचा असला तरी या चौकटीत बसत नाही. म्हणजे या शब्दासाठी पिकअपवाल्याला एक रुपयाही जास्त देण्याचं कारण नाही. आपण घेतो ती नुसती जुनी गाडी.

आता गाड्या. मनात पहिली येते ती महिंद्राची एफसी-१५०, म्हणजे इंजिनावर बसलेली बुटक्या नाकाची केबिन. दिसायला फार देखणी. पण केबिनचे पत्रे, काचांची रबरं, दाराचे आतले भाग मिळवणं हाच स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. पहिल्या प्रोजेक्टला ती नकोच. बजाज टेम्पोची मॅटाडोर सोपी, पण पिकअप रूपात खासगी नोंदीची आमच्या नजरेला पडली नाही. जुन्या महिंद्रा जीपला मागे हौदा लावलेले पुष्कळ दिसतात. तिथे आरसीवरची ‘टाइप ऑफ बॉडी’ वाचायची. आरसीवर जीप आणि समोर पिकअप असेल तर तो परवानगीशिवाय केलेला बदल. कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार चालू देत नाहीत. पेट्रोल जीपमध्ये प्यूजोचं डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्यांचंही तेच. इंजिनाचा नंबर आणि इंधन आरसीवर चढवलेलं नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद ठरलेला.

आमची निवड टाटामोबाइल २०६वर येऊन थांबली. १९८८ साली आलेली ही गाडी. तिच्याच पायावर १९९१ची सिएरा उभी राहिली, आणि १,९४८ सीसीचं डिझेल इंजिन पुढे १९९४च्या सुमोतही गेलं. महत्त्वाचं हेच शेवटचं. सुमो महाराष्ट्रात गावोगावी धावली, त्यामुळे या इंजिनाचे पिस्टन-रिंग, हेड गॅस्केट, वॉटर पंप, क्लच प्लेट मागायला पुरातत्त्व खात्यात जावं लागत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग, ऑपेरा हाउसच्या पेढ्यांवर नवे. बारीकसारीक दिवे, मीटर, हँडलं चोरबाजारात. पत्रे मात्र अवघड: हौद्याचा फाळका, पुढची जाळी, दारं शाबूत असलेलीच गाडी बघायची. डबल कॅब खासगी नोंदीत अधूनमधून मिळते, सिंगल कॅब क्वचितच.

कुठे शोधायची, याला मुंबईत एक साधा नियम आहे. समुद्राकाठची गाडी गंजलेली असते, घाटावरची वाकलेली. वसई, पालघर, अलिबाग, रत्नागिरीकडच्या गाड्या कमी चाललेल्या आणि प्रेमानं ठेवलेल्या असल्या तरी खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्यांना खालून खातो. नाशिक, संगमनेर, जुन्नरकडच्या गाड्यांचा पत्रा कोरडा, पण कांदा-टोमॅटोच्या क्रेटनी चासी दमलेली. दोन्हींत निवडायचं झालं तर आम्ही घाटावरची पसंत करतो, कारण वाकलेली चासी मोजून ओळखता येते. गंज मात्र लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून लपवला जातो. खुद्द मुंबईतली गाडी असेल तर २६ जुलै २००५च्या पुरात ती बुडाली होती का, हे हेडलाइटच्या वाटीत, सीटच्या पट्ट्यांखाली आणि डॅशबोर्डच्या मागच्या वायरींवर चिकटलेल्या गाळावरून कळतं. उत्तरेकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, पण दुसऱ्या राज्याची एनओसी, इथला कर, नवा नंबर धरला की स्वस्ताई संपते.

गाडी बघायला जाण्याआधी फोनवर आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागायचा. नाही दिला तर जायचंच नाही. नंबर परिवहनच्या ॲपवर टाकायचा. जुन्या हातलिखित आरसी बुकांची माहिती कधी कधी ऑनलाइन नसतेच. मग मूळ आरटीओत बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद संगणकावर चढवणं) झाल्याशिवाय नावावर करणं पुढे सरकत नाही. ती मालकानं आधी करून घ्यायची, आपण नंतर नव्हे. पुढे बघायचं ते ‘एचपी’, म्हणजे कर्जाची नोंद. वीस वर्षांपूर्वी फिटलेलं कर्जही आरसीवर तसंच असतं. ते उतरवायला फॉर्म ३५ आणि वित्त कंपनीचं पत्र लागतं, आणि ती कंपनीच बंद पडली असेल तर हे पत्र कोण देणार? मूळ मालक वारला असेल तर आधी फॉर्म ३१वर वारसाच्या नावे गाडी, मग आपल्याला विक्री. “सही आम्ही करतो की, बाबांची सही सोपीय,” असं एका ठिकाणी मुलानं हसत सांगितलं. तिथून चहा पिऊन निघालो.

नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपून नूतनीकरण झालंय का, हेही आरसीवरच दिसतं. खासगी गाडीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं, आणि २० वर्षांवरच्या चारचाकीसाठी केंद्रानं ऑगस्ट २०२५मध्ये शुल्क १०,००० रुपये केलं. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत संपून वर्षं लोटली असतील तर साचलेलं सगळं आकडे मांडून किमतीतून वजा करायचं. ई-चलनंही.

प्रत्यक्ष बघताना भाच्याला इंजिनाकडे फिरकू दिलं नाही. आधी चासी नंबर. रॉकेलचं फडकं आणि मऊ तारेचा ब्रश, ग्राइंडर अजिबात नाही. अक्षरांच्या आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील, अक्षरं एका रेषेत नसतील, किंवा नंबराभोवती चौकोनी वेल्डिंगचा माग असेल, तर दुसऱ्या गाडीचा तुकडा कापून बसवला आहे असं समजायचं. पातळ कागद ठेवून पेन्सिलनं घासून छाप घ्यायची आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवायची. आरटीओलाही ही छाप लागतेच.

मग चासी. गाडी सपाट जागी उभी करून बाजूनं केबिनची मागची भिंत आणि हौद्याची पुढची भिंत यांमधली फट बघायची. ही फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद झाली असेल तर माल लादून चासी केबिनच्या मागे बसली आहे. आम्ही बघितलेल्या एका गाडीत वर बोट जेमतेम शिरत होतं आणि खाली अख्खी मूठ. रंग ताजा, टायर नवे, मालक खूश. भाच्यानं पट्टी लावून दोन्ही मापं घेतली आणि काही न बोलता कागदावर लिहिली. दुसरी मोजणी कर्णांची. पुढच्या डाव्या कमानपाट्याच्या बोल्टपासून मागच्या उजव्यापर्यंत, मग उलट. टाटामध्ये पुढे कमानपाटे नाहीत, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) आहेत, तिथे चासीवरची दोन्ही बाजूंची जुळणारी भोकं धरायची. ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खुणा करायच्या, गाडी पुढे घ्यायची आणि खुणांमध्ये टेप लावायची. सहा-सात मिलिमीटरच्या वर फरक गेला तर धडक किंवा पीळ. भेगा बघायच्या त्या मागच्या कमानपाट्याच्या हँगरपाशी (जिथे तो चासीला अडकतो), शॅकलच्या (त्याच्या झुलत्या कडीच्या) वर आणि आडव्या पट्ट्यांच्या रिव्हेटांभोवती. तिथे लोखंडी पट्टी मारून वेल्डिंग केलेलं असेल तर काठ नीट बघायचा: पट्टीच्या टोकालाच पुढची भेग सुरू होते, कारण कडक भाग आणि लवचीक भाग तिथे भेटतात.

गंजासाठी मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक. चाकांवरचे कमानदार पत्रे, दाराचा खालचा इंच-दोन इंच, केबिनचे मागचे कोपरे, बॅटरीची ट्रे, वायपरखालची घळ. चुंबक सुटलं तिथे लांबी. मॅट उचलून पायाखालचा पत्रा अंगठ्यानं दाबायचा. केबिन चासीवर जिथे टेकते तिथली रबरं आणि त्यांच्या वरचा पत्रा गेला असेल तर काम मोठं. दाराचा खालचा भाग गेला असेल तर डेंटरचं किरकोळ काम.

इंजिन शेवटी, आणि गारच. सोबतच्या मिस्त्रीनं भाच्याला सांगितलं, “बाळा, आधी मॅनिफोल्डला हात लाव. गार आहे? मग सेल्फ मार.” विकणारा आपण यायच्या आधी गाडी तापवून ठेवतो, कारण दमलेलं डिझेल इंजिन गरम असताना गोड चालू होतं. हीटर प्लगचा दिवा विझू द्यायचा, मग सेल्फ. पहिल्या मिनिटाचा पांढरा धूर चालतो. तो थांबलाच नाही आणि डिझेलचा वास आला तर इंजेक्टर खराब किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. रेस दिल्यावरचा काळा बहुधा इंजेक्टर, पंप किंवा चोंदलेला एअर फिल्टर, म्हणजे स्वस्तातला आजार. रेडिएटरचं झाकण गार असतानाच काढून ठेवायचं. इंजिन चालू झाल्यावर पाण्यात सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, कदाचित हेडच. ऑइलचं झाकण सैल करून वर ठेवायचं. ते नुसतं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर रिंगा संपल्या. सौदा गंभीर झाला तर हीटर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेशन मोजून घ्यायचं. नुसत्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा: सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १०-१५ टक्क्यांहून अधिक अंतर असेल तर इंजिन खोलायचं हे धरूनच भाव करायचा. इंजिन खराब निघालं म्हणून आम्ही एकही गाडी नाकारली नाही. नाकारल्या त्या कागद आणि चासी बघून. इंजिनाचं काम खर्चाचं असतं, पण त्याचा आकडा आधी सांगता येतो.

पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं. खडखड आली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर चाकाचं बेअरिंग. राहिली तर टाटामध्ये बॉल जॉइंट, जुन्या महिंद्रात किंगपिन. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी भरपूर असली तरी दहा वर्षांचा टायर फेकायचाच.

भाव करताना खालची पायरी भंगाराची. आरसीवरचं रिकामं वजन गुणिले त्या दिवशीचा लोखंडाचा दर. १,४०० किलो आणि किलोला ३० रुपये धरले तर ४२,०००. यापेक्षा कमीला कोणी देत नाही. वरची पायरी आपली: एकूण ठरवलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त गाडीच्या किमतीत घालायची नाही, कारण उरलेली निम्मी नक्की लागते. सौदा ठरल्यावरचे कागद: फॉर्म २९च्या (विक्री कळवण्याच्या) दोन प्रती, फॉर्म ३० (नावावर करण्याचा अर्ज), विकणाऱ्याचं ओळखपत्र, आम्ही घेतलेली गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असल्यानं फॉर्म २८ची एनओसी, आणि तारीख-वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत नावावर करून घ्यायचं असतं. काही रक्कम गाडी नावावर होईपर्यंत हातात ठेवली. मालक कुरकुरला, पण कबूल झाला. गाडी चालवत आणली नाही. विमा संपलेला, ब्रेकचा भरवसा नाही, आणि कसारा घाट. ट्रकवर चढवून आणली.

जागेचा प्रश्न मुंबईत गाडीपेक्षा मोठा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खोललेली गाडी कमिटी आठवडाभर सहन करते. रस्त्याकडेला ठेवली तर महापालिका बेवारस म्हणून नोटीस चिकटवते. वसई, भिवंडी, तळोजा भागात शेडचा कोपरा महिन्यानं मिळतो. किमान दहा बाय वीस फूट, वर पत्रा, खाली कोबा हवा. कोबा यासाठी, की मातीवर जॅक रुततो. गाडीखाली जायचं ते लोखंडी घोड्यांवर टेकवूनच. विटा आणि पेव्हर ब्लॉक वजनाखाली न सांगता फुटतात.

पहिलं काम ब्रेकचं, रंगाचं नाही. भाच्याला याचा कंटाळा आला, कारण बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. मास्टर सिलिंडरची किट, चाकांच्या सिलिंडरांची रबरं, पुढचे दोन आणि मागच्या ॲक्सलवरचा एक असे तीन रबरी होज, गंजलेले लोखंडी पाइप आणि लिटरभर डॉट-३ किंवा डॉट-४ फ्लुइड. सिलिंडरच्या आत नखाला खड्डे लागले तर किट घालून उपयोग नाही, सिलिंडरच नवा घ्यायचा; नाहीतर महिन्यात पुन्हा गळतो. ड्रममधली धूळ हवेनं उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसून फडकं फेकायचं. एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पेडल दाबून धरलेलं असताना निपल (चाकामागचा हवा काढायचा स्क्रू) उघडायचं, निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की हवा परत आत. ब्रेक फ्लुइड रंग खातं, सांडलं तर लगेच पाणी.

त्यानंतर टाकी उतरवून धुतली, डिझेलचे फिल्टर बदलले, गळके रिटर्न पाइप काढले, रेडिएटर रॉडिंग करून (आतल्या नळ्या सळईनं साफ करून) घेतला. पेट्रोल गाडी असती तर हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा आधी बदलावा लागला असता. वायरिंगमध्ये मधल्या मालकांनी टेप गुंडाळून केलेले जोड एकेक उघडायचे आणि प्रत्येक सर्किटला फ्यूज द्यायचा. हे काम वायरमनकडून करून घेताना मुलाला शेजारी बसवावं. नंतर आडरस्त्यावर दिवे गेले तर तोच उपयोगी पडतो.

नूतनीकरणाच्या तपासणीला नेण्याआधी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, आरसे, रिफ्लेक्टर, हँडब्रेक आणि सायलेन्सर नीट हवेत, एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी लागलेली हवी, विमा चालू हवा, आणि चासी नंबर पुसून स्वच्छ दिसला पाहिजे. रंग बदलला असेल तर तो आरसीवर चढवावा लागतो, म्हणून जुनाच रंग ठेवला. पीयूसीला जाण्यापूर्वी इंजेक्टर बेंचवर तपासून घ्यावेत, एअर फिल्टर नवा घालावा आणि गाडी निदान पंधरा-वीस किलोमीटर चालवून इंजिन चांगलं तापू द्यावं. गार डिझेल इंजिन धुराच्या मापात उगाच नापास होतं.